काहीही हं!

मराठी मालिकेत मेलेला नवरा परत आला, की दोन दिवसांत दोन पक्ष तयार होतात. पहिला म्हणतो, ही प्रेक्षकांच्या बुद्धीची थट्टा आहे, असल्या मालिका बंद करा, घरंच्या घरं बिघडताहेत. दुसरा म्हणतो, रिमोट तुमच्याच हातात आहे ना, मग बघता कशाला? दिवसभर राबून आलेल्या माणसाची चार घटका करमणूक होते, तीही तुम्हाला सोसवत नाही? मग पहिला पक्ष दुसऱ्याला अडाणी ठरवतो, दुसरा पहिल्याला शिष्ट. पंधरा दिवसांत नवरा पुन्हा कुठेतरी नाहीसा होतो आणि भांडण विझतं, ते पुढच्या प्रोमोपर्यंत. मराठीत खासगी वाहिन्या आल्यापासून मी हे भांडण ऐकतोय. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासताच धरून चालवली आहे: मालिकेत अशक्य काहीतरी दाखवलं म्हणून प्रेक्षक चिडतो. एकाचं म्हणणं, अशक्य दाखवू नका. दुसऱ्याचं म्हणणं, गोष्टीत अशक्य चालतंच. माझं म्हणणं असं, की आपल्या प्रेक्षकाला अशक्याचं वावडं कधीच नव्हतं. तो चिडतो ते त्याची उधारी बुडवली म्हणून.

उधारी म्हणजे काय, ते सांगतो. आज सासू एका जुन्या फोटोकडे बघून दचकते आणि कॅमेरा तीनदा तिच्या तोंडावर जाऊन आदळतो. का दचकली, ते आज सांगत नाहीत. प्रेक्षक म्हणतो, बरं, लिहून ठेवतो. दोन महिन्यांनी घरी आलेला पाहुणा स्वतःचं आडनाव सांगताना अडखळतो. तेही लिहून ठेवतो. नाक्यावरचा वाणी जसा काही न बोलता वहीत आकडा टाकतो आणि महिन्याच्या एक तारखेची वाट बघतो, तसा. वळण म्हणजे मालिकेची एक तारीख. त्या दिवशी वही काढायची, मागच्या दहा नोंदींचा हिशेब लावायचा. तो लागला, तर प्रेक्षक रडला काय नि त्या खलनायिकेला शिव्या घातल्या काय, आतून खूश असतो. पण गिऱ्हाईकच म्हणालं, ‘कसली उधारी? आम्ही तर कालच राहायला आलो,’ तर वाणी काय करेल? आणि ही रक्कम किरकोळ नाही. भाग २२ मिनिटांचा, आठवड्याला ६ भाग, वर्षाचे ५२ आठवडे. जाहिराती वगळूनही वर्षाला ११४ तास होतात. तीन वर्षं एक मालिका नेमानं बघणाऱ्या बाईनं तिच्यात ३४० तासांहून जास्त आयुष्य घातलेलं असतं. तिला ‘रिमोट तुमच्या हातात आहे’ असं सांगणं म्हणजे बुडीत पतपेढीच्या ठेवीदाराला ‘पैसे ठेवायला कुणी सांगितलं होतं’ असं विचारणं.

हे मी गुन्हेगाराच्या बाजूनंही पाहिलंय. काही वर्षांपूर्वी आठ महिने मी एका मालिकेचे संवाद लिहीत होतो. नाव सांगत नाही; सांगितलं तरी कुणाला आठवणार नाही. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद माझे, आणि आमच्या तिघांच्या डोक्यावर वाहिनीची माणसं. पहिल्या पंधरवड्यातच मरणाऱ्या सासऱ्यानं धाकट्या सुनेच्या हातात एक पितळी किल्ली दिली. ‘वेळ आली की कळेल,’ एवढं म्हणून त्यानं मान टाकली. ते वाक्य माझंच. पुढे पाच महिने ती किल्ली सुनेच्या पदराच्या टोकाला बांधलेली दिसत राहिली. मग एका गुरुवारी टीआरपीचे आकडे आले, वाईट आले, आणि संध्याकाळपर्यंत ठरलं की सासरा मेलेलाच नव्हता. थोरल्या मुलाला धडा शिकवायला त्यानं मरणाचं सोंग घेतलं होतं. सोमवारी चित्रीकरण. मी निमूट लिहून दिलं. तो भाग लागला त्या रात्री सांगलीहून आत्याचा फोन. आत्याची पद्धत अशी, की साडेसातला ताट मांडीवर घेऊन बसायचं, ताटात मेथीची जुडी, आणि पानं खुडता खुडता मालिका ऐकायची. मान ती फक्त वळणाला वर करते. ती म्हणाली, ‘आला ते बरं झालं बाई, देव पावला तिला. पण ती किल्ली कशाची होती रे?’ मी म्हटलं, ‘कळेल पुढे.’ ‘पुढे कधी? तो समोर बसून चहा पितोय की! तिनं विचारलं कसं नाही त्याला?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पटकथाकाराकडेही नव्हतं. किल्लीची आठवण आमच्यापैकी कुणालाच उरली नव्हती. पुढच्या भागापासून वेशभूषेवाल्यांनी ती पदरावरून काढून टाकली होती. पण आत्याचा आक्षेप नेमका कशाला होता, ते बघा. चितेवर चढवलेला माणूस उठून आला, डॉक्टरचा दाखला, तेरावं, भिंतीवरचा हार घातलेला फोटो हे सगळं खोटं ठरलं, याचं तिला काहीच वाटलं नाही. तिला बोचली ती किल्ली.

हा एकट्या आत्याचा विक्षिप्तपणा नाही. मालिकेतला कलाकार बदलतो, काल ज्या नावाला एक चेहरा होता त्याला आज दुसरा येतो, आणि प्रेक्षक चार दिवस कुरकुरून तो स्वीकारतो. बायका मध्यरात्री झोपेतून उठतात तेव्हा साडीची निरी मोडलेली नसते, कानातले जागच्या जागी असतात. कुणी हरकत घेत नाही. दाराआड उभं राहिलं की आतलं सगळं शब्दन् शब्द ऐकू येतं, तेही चालतं. आपली परंपराच अशी आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात दशावतार बघायला बसलेल्या माणसाला ठाऊक असतं की समोरची द्रौपदी दिवसा शेतात राबणारा बाप्या आहे. एक बाकडं असतं. आत्ता ते सिंहासन, पुढच्या प्रवेशात डोंगर. त्या बाकड्यावरून कुणी वाद घातल्याचं मी ऐकलेलं नाही. पण त्याच प्रेक्षकासमोर राजा पहिल्या प्रवेशात दिलेला वर दुसऱ्या प्रवेशात विसरला, तर मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडल्याशिवाय राहणार नाही. संकेत आणि शब्द यांतला फरक लोकांना चांगला कळतो. संकेत पहिल्या दिवशीच ठरलेला असतो. शब्द मधेच कुणीतरी दिलेला असतो, आणि दिलेला शब्द पाळायचा असतो.

दुसऱ्या पक्षाचा सगळ्यात भारी मुद्दा परंपरेचाच आहे, आणि तो मी उडवून लावणार नाही. योगायोग, हरवलेली मुलं, ओळख विसरणं हे काय मालिकांनी शोधलं? कर्णाला नदीत सोडलं नव्हतं? शाकुंतलात तर राजाला चक्क स्मृतिभ्रंश होतो, अंगठी मासा गिळतो आणि ती कोळ्याच्या हाती लागते. आज हे एखाद्या मालिकेत आलं, तर आपण ‘काहीही दाखवतात’ म्हणून मोकळे होऊ. मग कालिदासाला महाकवी का म्हणायचं?

प्रश्न बिनतोड वाटतो, पण जरा जवळ जाऊन बघू. महाभारतातल्या मूळ गोष्टीत शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथला दुष्यंत शकुंतलेला चांगला ओळखतो आणि भर दरबारात जाणूनबुजून नाकारतो. कालिदासाला हा राजा नको होता. त्यानं दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली. पण आणली कधी? राजसभेचा प्रवेश लिहिताना अडचण झाली म्हणून नव्हे. त्याच्या कितीतरी आधी, शकुंतला आश्रमात विचारात हरवून बसलेली असताना. शाप तिला ऐकू जात नाही. तिच्या मैत्रिणींना जातो आणि आपल्याला जातो. म्हणजे विसरण्याचं वळण येतं तेव्हा ज्याला ते कळलेलं नाही असा माणूस रंगमंचावर आहे, प्रेक्षागृहात कुणीच नाही. ती हात पुढे करते, बोटात अंगठी नसते, आणि आपल्या पोटात खड्डा पडतो, कारण आपल्याला सगळं आधीपासून माहीत असतं. आजच्या मालिकेतला स्मृतिभ्रंश मात्र नायकाच्या डोक्याला मागून काहीतरी लागलं की होतो, आणि पुन्हा तसंच काहीतरी लागलं की जातो. इथे कशाचीही नोंद नाही, त्यामुळे फेडही नाही.

धक्का म्हणजेच गोष्ट हा समजच मुळात उसना आहे. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ २०१७ ते २०२० या काळात चालली. शेवट काय आहे, हे चौथीतल्या पोरालाही माहीत होतं. १६८९ मध्ये काय झालं ते कुठल्याही लेखकाला बदलता येणार नव्हतं. तरी माणसं अडीच वर्षं बसली. उलट शेवट जवळ यायला लागला तशी घरातली चर्चा वाढली: कधी दाखवतील, किती दाखवतील, आपल्याला बघवेल का. पुढे काय होणार हे माहीत असूनही जीव टांगणीला लागतो, हे आपल्या कीर्तनकारांना शेकडो वर्षं ठाऊक आहे. ते मालिकेच्या बैठकीत कुणाला सांगून बघा! ‘सर, पण प्रोमोत काय दाखवायचं?’ असा प्रश्न येईल, आणि तो विचारणाऱ्याचंही चुकत नसेल, कारण त्याची नोकरी त्या प्रोमोवर अवलंबून असते.

इथे निर्मात्यांची बाजू मांडायलाच हवी, कारण टीका करणाऱ्या विद्वानांपैकी फार थोड्यांनी सेट पाहिलेला असतो. आठवड्याला सहा भाग, कधी रविवारचा महाएपिसोड. हाताशी शिल्लक भागांची ‘बँक’ असते. चार-पाच भागांची असली तर श्वास घेता येतो, दोनवर आली की प्रॉडक्शनवाल्याचा चेहरा उतरतो. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, मढला किंवा वाईजवळच्या एखाद्या वाड्यात कलाकार मेकअप करून बसलेला असतो आणि सीनचे कागद अजून मोबाइलवर यायचे असतात. नायिकेला खरोखरच दिवस जातात. कुणाचा करार संपतो, कुणी आजारी पडतं, कुणाला चित्रपट मिळतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातलं चित्रीकरण थांबलं, तेव्हा कितीतरी मालिका सामानसुमान घेऊन गोव्यासारख्या ठिकाणी गेल्या, आणि मे महिन्यात तिथूनही गाशा गुंडाळावा लागला. कथेतल्या कुटुंबांना अचानक फिरायला जावं लागलं, वाड्याऐवजी रिसॉर्टमध्ये भांडावं लागलं. त्या दिवसांत आत्यानं एक शब्द काढला नाही. ‘त्यांनाही पोटं आहेत,’ म्हणाली. अडचण प्रेक्षकाला समजते.

मग अडचण हे निमित्त का पुरत नाही? कारण घाई ही नवी गोष्ट नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातच हप्त्याहप्त्यानं छापली. संपादक तेच, लेखक तेच, अंक वेळेवर काढायची जबाबदारीही त्यांचीच. पाल्हाळ त्यांच्याही लेखनात आहे. हप्त्यात लिहिलेल्या गोष्टीला तो सुटत नाही. पण विधवा झालेल्या यमूच्या केशवपनाचा प्रसंग येतो तेव्हा तो आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही. आधीची पानं वाचताना आपण मनात म्हणत असतो, हे होऊ नये, हे होऊ नये, आणि तेच होतं. दर आठवड्याला मजकूर द्यायची घाई असलेल्या माणसालाही आधी काय लिहिलं ते आठवत होतं, तर चार लेखक, दोन सहायक आणि एक संगणक हाताशी असलेल्या चमूला एक किल्ली का आठवू नये? वहीत एक पान राखून ठेवायला किती पैसे लागतात? आमच्या मालिकेत ते काम कुणाचंच नव्हतं. कपड्यांची कंटिन्युइटी बघायला माणूस होता. दिलेल्या शब्दांची बघायला नव्हता.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आकडे बघा, लोकांना हेच हवंय. हा युक्तिवाद मला सगळ्यात लबाड वाटतो. देशभरातल्या हजारो निवडक घरांत मीटर बसवलेले असतात आणि त्यांच्यावरून दर आठवड्याला हिशेब निघतो. कुठली वाहिनी किती वेळ चालू होती, ते मीटरला कळतं. बघणारा माणूस ती डोळे पुसत बघत होता की दात ओठ खात, ते कळत नाही. वळणाच्या आठवड्यात आकडा चढतो, कारण चिडलेला माणूसही बघतो. तो तर जास्तच बघतो, आता हे कसं सावरतात त्याची त्याला उत्सुकता असते. उधारी बुडवणाऱ्याच्या दारात वाणी चार चकरा जास्त मारतो. त्या चकरांवरून गिऱ्हाईक म्हणालं, ‘शेटजींचा आमच्यावर किती लोभ,’ तर? पुढे तीन महिन्यांनी तोच आकडा हळूहळू उतरतो, तेव्हा त्याचं कारण समोरच्या वाहिनीवरच्या नव्या मालिकेत शोधतात आणि इलाज म्हणून आणखी एक मेलेला माणूस उठवतात.

पहिल्या पक्षाबद्दल, म्हणजे समाज बिघडतो म्हणणाऱ्यांबद्दल मी थोडक्यात बोलणार आहे, कारण त्यांची चूक जुनी आहे. त्यांना वाटतं, पडद्यावर जे येतं ते प्रेक्षकाच्या डोक्यात जसंच्या तसं उतरतं. १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली ती मुळात लोकशिक्षणासाठी. तिच्यातली आई, भागवंती, मुकाट सोसणारी. असं सोसू नका हे दाखवायला ती घडवली होती. झालं काय, तर पुष्कळ प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. चांगल्या हेतूनं दिलेला धडा जिथे असा उलटा पोचतो, तिथे एका खलनायिकेच्या कारस्थानानं घरं फुटतील ही भीती कशाच्या जोरावर बाळगायची? प्रेक्षक घेतो ते स्वतःच्या हिशेबानं घेतो. ‘तुला पाहते रे’ २०१८ मध्ये आली तेव्हा सगळा वाद वयाचा होता: विशीतली ईशा आणि चाळिशी ओलांडलेला विक्रांत सरंजामे, हा काय आदर्श ठेवताय तरुण मुलींपुढे? लेखांवर लेख आले. पुढे कळलं की हा सभ्य, श्रीमंत, हळव्या आवाजाचा माणूस मुळात गजेंद्र पाटील आहे आणि त्याच्या पहिल्या बायकोच्या, राजनंदिनीच्या मृत्यूमागे तोच आहे. झालं, आदर्शाची चर्चा करणारे तोंडावर पडले. हे वळण मला आवडलं होतं, आणि हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. इतक्या मोठ्या माणसाला या साध्या मुलीतच काय दिसलं, हा जो प्रश्न प्रेक्षक पहिल्या दिवसापासून कुजबुजत होता, त्याचंच ते उत्तर होतं. उधारी अशी फेडतात. पण नंतर ईशा ही राजनंदिनीचाच पुनर्जन्म निघाली, आणि एका साध्या मुलीनं स्वतःच्या अकलेनं लढायची लढाई मागच्या जन्माच्या खात्यावर टाकली गेली. पुनर्जन्म अशक्य आहे ही माझी तक्रार नाही. ईशाला जी हुशारी दाखवायची संधी आम्ही प्रेक्षकांनी इतके महिने राखून ठेवली होती, ती तिच्याकडून काढून घेतली, ही आहे.

माणूस मारून परत आणणं हेही सरसकट पाप नाही. १८९३ च्या डिसेंबरात कॉनन डॉयलनं शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटलं आणि वाचक खवळले. मासिकाच्या वर्गणीदारांनी वर्गणी बंद केली, संपादकांकडे पत्रांचा पाऊस पडला. दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, होम्स परत आला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, त्यात प्रेमाचा वाटा मोठाच होता. पण आणखी एक गोष्ट होती. धबधब्याखाली प्रेत सापडलेलं नव्हतं. जाणून असो की नकळत, डॉयलनं खातं उघडं ठेवलं होतं, आणि परत आणताना कसा वाचला, इतकी वर्षं कुठे होता, वॉटसनला का सांगितलं नाही, याचा हिशेब त्यानं द्यायला घेतला. तो हिशेब जरा ओढूनताणून लावलेला आहे, पण लावलेला आहे.

आपल्याकडे ‘क्यूँकि सास भी कभी बहू थी’ २००० च्या जुलैमध्ये सुरू झाली आणि वर्षही भरलं नव्हतं तर तिचा नायक मिहिर विराणी गेला. प्रेक्षकांनी फोन करकरून निर्मात्यांना सळो की पळो केलं. मिहिर आला, स्मृती गमावून आला, म्हणजे आपला लाडका आजार घेऊनच. आम्ही कॉलेजातली मुलं तेव्हा पोट धरून हसलो होतो. आता मागे वळून बघताना त्या हसण्यात थोडी घाई झाली असं वाटतं. कारण मिहिर परत आला तो फुकट आला नाही. मंदिरा नावाच्या ज्या बाईनं त्याची शुश्रूषा केली ती त्याच्यासोबत कथेत आली, पुढे तिचा मुलगा करण आला, मिहिरच्या बायकोनं, तुलसीनं त्याला वाढवलं, आणि त्या एका परतण्याची किंमत विराणी घर कितीतरी वर्षं मोजत राहिलं. वळण अतर्क्य होतं, पण कथेनं ते विसरून टाकलं नाही. माझ्या लेखी हाच कस आहे: वळणानंतर दोन महिन्यांनी घरातल्या माणसांना ते आठवतंय का?

याच्या उलट टोकाला अमेरिकेतली ‘डॅलस’. १९८० मध्ये जे. आर. युइंग या खलनायकाला गोळी कुणी घातली, या एका प्रश्नावर तिनं देशाला आठ महिने झुलवलं, आणि नोव्हेंबरात उत्तर दिलं तेव्हा आठ कोटींहून जास्त माणसं ते बघायला बसली होती. प्रश्न विचारला, उत्तर दिलं, व्यवहार चोख. तीच मालिका सहा वर्षांनी काय करते? जे. आर.चा भाऊ बॉबी मेल्याला एक आख्खा हंगाम झालेला असतो. एका सकाळी त्याची आधीची बायको उठते, न्हाणीघराचं दार उघडते आणि बॉबी तिथे अंघोळ करतोय! पुढच्या हंगामात खुलासा आला, की मधलं संपूर्ण वर्ष तिला पडलेलं स्वप्न होतं. म्हणजे त्या वर्षात जे झगडले, दुरावले, जवळ आले, त्यांचं काहीच झालं नव्हतं. मेलेला बॉबी लोकांना परत हवाच होता. मागणी त्यांचीच होती. पण त्याच्या बदल्यात वहीची वर्षभराची पानं फाडून हातात ठेवली. मालिका पुढेही चालली, १९९१ पर्यंत, मात्र आज तिचं नाव निघालं की त्या न्हाणीघरावर हसू येतं. आपल्याकडे ही युक्ती आता दर महिन्याला प्रोमोतच उरकतात: रविवारी लग्न मोडताना दाखवायचं आणि सोमवारी नायिकेला घामाघूम होऊन अंथरुणात उठवायचं.

एका प्रकारचा धक्का मात्र मला कुठल्याही अडचणीच्या नावाखाली माफ करता येत नाही. आपल्या मालिकांत पात्रं मनातल्या मनात बोलतात आणि ते आपल्याला मोठ्यानं ऐकू येतं. ही सोय प्रेक्षकाला दिलेली आहे. जगाला कळत नाही ते मला कळतं, असा तिचा अर्थ. वर्षभर एक जाऊ देवापुढे एकटी उभी राहून मनात म्हणते, ‘या घराला दृष्ट न लागो.’ खोलीत दुसरं कुणी नाही. आणि एका शुक्रवारी कळतं की घराला आग लावणारी तीच. मग त्या देवघरात ती कुणाला फसवत होती? देवाला? तिथे ऐकणारे आपण एकटेच होतो. पात्र दुसऱ्या पात्राशी खोटं बोललं तर ती गोष्ट झाली. पात्राचं मन प्रेक्षकाशी खोटं बोललं, तर पुढच्या कुठल्याही मनातल्या वाक्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

‘काहीही हं’ हे घराघरांत घुमलेलं वाक्य आठवा. ‘होणार सून मी ह्या घरची’मधली जान्हवी ते लाडानं श्रीला म्हणायची. पुढे तिचं गरोदरपण लांबतच गेलं, महिने मोजणारे विनोद फोनाफोनांवर फिरले, आणि तेच वाक्य प्रेक्षकांनी उचलून मालिकेवरच परतवलं: काहीही हं! या विनोदांना टवाळी म्हणून झटकणं सोपं आहे. पण महिने कोण मोजू शकतो? ज्यानं लिहून ठेवलेत तोच. रोजच्या मालिकेवर वर्तमानपत्रात परीक्षण येत नाही, तिच्यावर परिसंवाद होत नाहीत, पुरस्कार मिळतात ते लाडकी जोडी आणि लाडकी सासू असे. ज्या तीन-साडेतीनशे तासांच्या कथेवर कुणी अक्षर लिहीत नाही, तिची एकमेव समीक्षा मेथी निवडताना होते.

गेल्या महिन्यात सांगलीला गेलो होतो. नव्या मालिकेत नायकाची गाडी घाटातून खाली गेली होती, पोलिसांना फक्त घड्याळ सापडलं होतं, आणि नायिका किंचाळून कोसळली तेव्हा आत्यानं मान वर केली, अर्धा मिनिट बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

‘येईल परत,’ म्हणाली. ‘घड्याळ डाव्या हातातलं सापडलंय. तो उजव्यात घालायचा.’

मी म्हटलं, ‘अगं, चुकून झालं असेल. लक्षात नसेल राहिलं त्यांच्या.’

तिनं देठांचा ढीग वर्तमानपत्रात गुंडाळला, ताट घेऊन उठली. कुकरची तिसरी शिट्टी झाली होती.

‘तुझ्यासारखेच असतील तर नसेल राहिलं,’ ती स्वयंपाकघरातून म्हणाली. ‘किल्ली कशाची होती, ते तू अजून सांगितलेलं नाहीस.’